खोडलेली ओळ

दर मंगळवारी ॲबरडीनहून आमची व्हॅन निघायची.
मागे दोन दिवे, कपड्यांची पेटी
आणि एक घडीचं दार,
कुठेही उभं करता येणारं, कुठेच न उघडणारं.
समुद्र उजव्या हाताला, दिसला तर.
मांडीवर करारपत्र: शाळा आणि नाट्यगृह, बारा आठवडे,
उद्देश, मुलांना त्यांचा आवाज मिळवून देणे.
जणू आवाज आमच्या पेटीत होते, मापामापाचे,
आणि फ्रेझरबराला पोचलो की वाटायचे होते.

व्यायामशाळेत खुर्च्या गोल मांडायचो.
बकन बाई दारापाशी उभ्या, किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून,
वाजू नये म्हणून.
रुअरी कशालाही हसायचा.
इश्बेलला राणी व्हायचं होतं,
नाटकात राणी नव्हती तरी.
उग्ने भिंतीला टेकून.
लिथुआनियातून आली तेव्हा सात वर्षांची, आता पंधरा.
हजेरीला "हो" म्हणायची, तेही श्वास सोडल्यासारखं.
मी तिच्याकडे दिव्याचं बटण दिलं.
न बोलणाऱ्यांना आम्ही नेहमी दिवेच देतो.

नाटक त्यांच्याच गावाचं: बंदर, बोटी, मासळीचा कारखाना.
तीन रात्री जागून मी एक स्वगत लिहिलं होतं,
रात्रपाळीला हॅडॉक चिरणाऱ्या बाईच्या मुलीचं.
'आईच्या हातांचा वास मला शाळेपर्यंत पुरतो,
मी बाकावर एकटी बसते
लाजेचे खवले अंगावर घेऊन.'
मला आवडलं होतं. खवले तर फारच.
इश्बेलने वाचलं, मान तिरकी, डोळे भरलेले.
बकन बाईंनी रुमाल काढला.

आणि दिवा गेला.

फ्यूज उडाला असेल म्हणून मी वळले.
"नाही," अंधारातून कोणीतरी म्हणालं.
आवाज ओळखीचा नव्हता:
जाडसर, घोगरा, सर्दी झाल्यासारखा.
"वास येत नाही.
म्हणजे, आम्हाला येत नाही.
आई सकाळी साडेसहाला येते,
लिंबू चोळून हात धुते, मग माझी वेणी घालते.
मला लिंबाचा वास येतो.
मासळीचा तुम्हाला येतो.
तुम्ही तसं सांगता,
आणि मग आम्ही लाजायचं."

कोणी हललं नाही. रुअरी हसला नाही.
मला आधी राग आला, हे सांगायला हवं.
तीन रात्री. ते खवले.
खिशात पेन्सिल सापडेना,
तेव्हा बकन बाईंनी स्वतःचं लाल पेन पुढे केलं,
वह्या तपासायचं,
आणि मी माझीच ओळ खोडली,
अंधारात, अदमासाने, कागद फाटेपर्यंत.

"आता दिवा लाव," मी म्हटलं.
"आधी लिहून घ्या," ती म्हणाली.

प्रयोगाच्या दिवशीही ती रंगमंचावर आली नाही.
आम्ही विनवलं, बकन बाईंनी तर खडसावलं.
ती म्हणाली, मला दिवेच आवडतात.
तिची वाक्यं इश्बेलनेच म्हटली,
पण मान सरळ ठेवून;
उग्नेने तिला आठवडाभर
जेवणाच्या सुट्टीत रडू न देता घोकायला लावलं होतं.
तिसऱ्या रांगेत उग्नेची आई,
कोट न काढता बसलेली, निम्मंच समजत असावं.
लिंबापाशी ती थबकली.
उजवा हात नाकाशी नेला, हुंगला,
आणि एकटीच मोठ्यांदा हसली.
संहितेत तिथे अंधार होता.
उग्नेने तो होऊ दिला नाही.

परतताना अहवाल भरायला घेतला.
'किती मुलांना आवाज मिळाला? आकड्यात लिहा.'
पुढे एक छोटा चौकोन.
पीटरहेडच्या फाट्यापर्यंत तो कोराच होता.
मग मी माझा हात नाकाशी नेला,
पहिल्यांदा उजवा, मग डावा.
कसलाच वास आला नाही.